इंग्रजीचा तास आणि आपली मुले : वेचे निवडण्यासंबंधी काही विचार

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेले आपले तरुण भेटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘इंग्रजी कोणत्या पद्धतीने शिकवावे?’ बी.एड.च्या वर्गात त्यांनी व्याकरण-भाषांतर पद्धती, प्रत्यक्ष पद्धती, रचना पद्धती, संप्रेषण पद्धती अशी नावे पाठ केलेली असतात आणि परीक्षेत त्यांवर टिपाही लिहिलेल्या असतात. वर्गावर पाऊल ठेवल्यावर मात्र यातले एकही नाव मदतीला येत नाही. समोर साठ मुले, पस्तीस मिनिटांची तासिका आणि दप्तरात पाठ्यपुस्तकाऐवजी गाईड.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवितो. माझ्या वर्गातील बरीच मुले वस्तीवरून, तांड्यावरून आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून येतात. या अनुभवावरून मला असे वाटते की, पद्धतीच्या आधी एक प्रश्न येतो. ही मुले काय वाचणार? कोणाविषयी वाचणार? आणि वाचून त्यांच्या हाती काय पडणार? हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही, तो सामाजिक प्रश्न आहे. म्हणून या पानांतून तो मांडण्याचे मी ठरविले.

१. इंग्रजीशी आपले नाते

इंग्रजी ही साहेबाची भाषा, तिचे शिक्षण म्हणजे मनाची गुलामी, असे आपल्याकडचे अनेक विचारवंत सांगत आले आहेत. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मेकॉलेच्या २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणाचा हेतू राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधला एक दुभाषा वर्ग घडविण्याचा होता, बहुजनांना ज्ञान देण्याचा नव्हता. इंग्रजी वाङ्मय हा अभ्यासाचा विषय म्हणून खुद्द इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजविला गेला आणि त्यामागे राज्य टिकविण्याचा हिशेब होता, हे गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात दाखवून दिले आहे. केनियाचे लेखक न्गुगी वा थ्योंगो यांच्या शाळेत गिकुयू या मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवीत. पुढे न्गुगींनी कथा-कादंबरीसाठी इंग्रजी सोडली, गिकुयू धरली आणि ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) मध्ये त्याची कारणे सांगितली.

न्गुगींचे उत्तर मोलाचे आहे; पण ते जसेच्या तसे उचलून आपल्याला चालेल काय? आपला इतिहास निराळा आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. तो अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला आणि सरकारने नकार दिला. एका मुलाला घेतले तर बाकीच्यांची शाळा मोडेल, असा तो हिशेब होता. पुढे वरिष्ठांनी हा निर्णय नापसंत केला आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे कागदोपत्री ठरले. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला दलितांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन सादर केले, त्यात हे प्रकरण मांडले आहे. म्हणजे ज्या काळात वरचे वर्ग इंग्रजी शिकून कचेऱ्यांत शिरत होते, त्या काळात आपल्या मुलाचा झगडा शाळेच्या उंबऱ्याशी चालला होता.

खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिली नाही. त्यांना पर्शियन घ्यावी लागली. संस्कृतचे दार बंद होते, इंग्रजीचे किलकिले होते. त्या फटीतून ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठापर्यंत गेले, आणि लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली जे भाषण लिहिले, तेही इंग्रजीत. त्यांच्याही आधी सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’ (१८५४) मध्ये इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. जोतीरावांनी टॉमस पेनचे लेखन इंग्रजीत वाचले. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी लिहिली मराठीत, पण तिला प्रस्तावना जोडली इंग्रजीत, आणि गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. आपल्या दुःखाचे नाते जगातल्या दुसऱ्या एका दुःखाशी जोडण्याची ही पहिली मोठी खटपट होती, आणि ती इंग्रजीच्या वाटेने झाली.

तेव्हा सवर्णांच्या घरी इंग्रजी ही आधीच्या विद्येत पडलेली भर होती. आपल्याकडे ती पहिल्या काही उघड्या दारांपैकी एक होती. पण म्हणून तिची पूजाही बांधू नये. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराचे काम सुरू झाले होते. त्यामागची तळमळ मी समजू शकतो. तथापि देवी म्हटली की पुजारी आला, आणि पुजारी कोण होणार हे आपल्याला ठाऊक आहे! तालुक्या-तालुक्याच्या रस्त्यांवर ‘इंटरनॅशनल’ अशा पाट्या लावलेल्या शाळा हे त्या पुजाऱ्यांचे आजचे रूप आहे. आई मजुरीतून फी भरते, आणि मुलाला ना धड इंग्रजी येते ना धड मराठी.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. दलित साहित्याचा स्फोट झाला तो मराठीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्याचे इंग्रजी भाषांतर जेरी पिंटो यांनी केले ते २०१५ मध्ये. आधी आपल्या बोलीत बोलायचे आणि मग जगाशी बोलायचे, हा क्रम त्या पिढीने घालून दिला. इंग्रजीच्या शिक्षकाने तो उलटा करू नये.

२. शिक्षकाची तयारी कोठून सुरू व्हावी

तयारी शब्दकोशापासून नव्हे, मुलाच्या तोंडच्या भाषेपासून सुरू व्हावी. पुस्तकातली मराठी हीच आपल्या पुष्कळ मुलांची दुसरी भाषा असते. घरी अहिराणी, वऱ्हाडी, गोरमाटी नाही तर गावकुसाबाहेरची बोली. शाळेत प्रमाण मराठी. आणि तिच्यावर इंग्रजी. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतूनही इंग्रजी पहिलीपासून शिकवायची असा निर्णय २००० साली अमलात आला. त्यापूर्वी ती पाचवीपासून होती. वर्षे वाढली, पण मुलाच्या बोलीकडे पाहण्याची दृष्टी वाढली काय, हा प्रश्न उरतोच.

‘ण’ आणि ‘न’ या दोन अक्षरांचे उदाहरण घ्या. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात. या एका अक्षरावरून त्याचे घर, वस्ती, जात हुडकली जाते. इंग्रजीत ‘ण’ हा वर्णच नाही. म्हणजे इंग्रजीच्या तासाला हे मूल उभे राहते तेव्हा निदान या एका खुणेवरून त्याला कोणी पकडू शकत नाही. ब्राह्मणाचे मूल आणि मांगाचे मूल, दोघांनाही ही भाषा सारखीच परकी आहे. हे मी वर्गात स्पष्ट सांगतो आणि त्याचा परिणाम मला मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. अर्थात ही समता वरवरची आहे. एकाच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, मामा पुण्याला अभियंता असतो, शिकवणी लावलेली असते. दुसऱ्याच्या घरी यातले काही नसते. शिवाय इंग्रजीने स्वतःचे नवे सापळे आणलेच आहेत. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणाऱ्यावर हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शिक्षकाने पहिल्या दिवशी ठरवावे की, या तासाला उच्चारावरून कोणी कोणाला हसणार नाही. उच्चार सुधारता येतो; हसण्याने मिटलेले तोंड पुन्हा उघडायला वर्षे लागतात.

दुसरे उदाहरण ‘यू’ या शब्दाचे. मराठीत समोरच्याला हाक मारताना ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करावी लागते, आणि त्या निवडीत वय असते तशी जातही असते. गावात म्हाताऱ्या दलिताला सवर्णाचे पोर ‘अरे-तुरे’ करी, ही आठवण आपल्या मागच्या पिढीत जिवंत आहे. इंग्रजीत सरपंचालाही ‘यू’ आणि सालगड्यालाही ‘यू’. म्हणून इंग्रजी संवादाचे मराठी करताना मुलांना विचारावे : इथे ‘यू’चे काय कराल? का? या एका प्रश्नात भाषाही शिकविली जाते आणि समाजही.

रचना पद्धतीच्या काळात वाक्यांचे सांगाडे घोकून घेत. त्याआधीच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरविली. या पद्धतींना सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांतूनही माणसे शिकली. पण ज्यांच्या घरी उरलेले इंग्रजी भरून काढणारे कोणी होते, ती प्रामुख्याने शिकली. ज्याच्याजवळ शाळेची पस्तीस मिनिटेच आहेत, त्याच्यासाठी त्या मिनिटांत अर्थपूर्ण काही घडले पाहिजे. एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या प्रयोगात (१९७९–८४) दक्षिणेतल्या साध्या शाळांतील मुलांना वेळापत्रके, नकाशे यांवर आधारलेली कामे दिली. लक्ष अर्थाकडे असले की भाषा मागोमाग येते, असे त्यांचे म्हणणे. हा प्रयोग कोणालाही करता येईल. एस.टी. स्थानकावरील वेळापत्रकाचे इंग्रजी करून फळ्यावर लिहा, आणि विचारा : दुपारी दोनपर्यंत जिल्हा रुग्णालयात पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी? खर्च शून्य, आणि वर्ग जागा.

३. मध्येच सुटणाऱ्या मुलाचा हिशेब

मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभी ढाक्याला होता. त्याने एक साधी गोष्ट हेरली. अभ्यासक्रम शेवटपर्यंत जाणाऱ्या मुलाला समोर ठेवून आखतात, पण पुष्कळशी मुले शेवटपर्यंत जातच नाहीत. १९२६ साली बंगालमधील द्विभाषिकतेवर लिहिताना त्याने विम्याच्या व्यवहारातला शब्द वापरला. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर जी रक्कम परत मिळते तिला समर्पण मूल्य म्हणतात. वेस्टने विचारले : मूल तिसऱ्या वर्षी शाळा सोडते, तेव्हा तोवर भरलेल्या हप्त्यांचे त्याला काय परत मिळते? इंग्रजीच्या बाबतीत उत्तर ‘काही नाही’ असेच होते. अर्धवट व्याकरण आणि अर्धवट वाक्ये यांचा बाजारात भाव नाही. म्हणून त्याने वाचनाला प्रथम स्थान दिले, शब्दांची संख्या मर्यादित ठेवली आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतील अशी पुस्तके रचली. १९५३ साली त्याने सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, ती आजही शिक्षकांच्या उपयोगी पडते.

वेस्ट साम्राज्याचा नोकर होता. तरी त्याचा हा प्रश्न माझ्या मते आपल्या मुलांसंबंधीचा सर्वांत नेमका प्रश्न आहे. आमच्या भागात कारखान्यांचे गळीत सुरू झाले की दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे उसाच्या फडाकडे निघतात. वर्गातली बाके रिकामी होतात. मुलगी आठवीत गेली की लहान भावंडांना सांभाळायला तिला बरोबर नेतात, आणि परतल्यावर ती शाळेत येईलच असे नाही. पुढे लग्न ठरते. या मुलीने चार वर्षे इंग्रजीचे हप्ते भरलेले असतात. तिला काय परत मिळाले?

या हिशेबातून माझ्यापुरते काही निर्णय झाले. पहिल्या सत्राचा अभ्यास स्वयंपूर्ण असावा. दिवाळीनंतर येऊ न शकणाऱ्या मुलाच्या हाती काही तरी पुरे पडावे. आठवी सोडणाऱ्याला औषधाच्या वेष्टनावरील मुदत, मात्रा आणि इशारा वाचता यावा. बँकेची स्लिप, शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णालयातील पाट्या यांतले शब्द ओळखीचे असावेत. आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचा मजकूर तर प्रत्येकाला वाचता यावा. डब्यावरचा रंगीत चौकोन विषाची तीव्रता सांगतो. तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. केवळ वाचता आले असते तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्या मरणाला अनेक कारणे होती. पण ज्याला फवारणीला पाठवितात, त्याला डब्यावरचा इशारा वाचता येऊ नये, ही अवस्था इंग्रजीच्या शिक्षकाने निमूटपणे मान्य करावी काय? ‘डेंजर’, ‘पॉयझन’, ‘अँटिडोट’ हे शब्द कोणत्याही फुलावरच्या कवितेइतकेच इंग्रजीच्या तासाचे शब्द आहेत.

४. कोणते वेचे?

व्यवहाराचे शब्द हा पाया झाला. त्यावर थांबलो तर आपल्या मुलांना फक्त अर्ज भरण्यापुरते इंग्रजी, आणि वाङ्मय इतरांना, अशी नवी वाटणी होईल. ती आपल्याला मान्य नाही. म्हणून वाङ्मयाचे वेचे हवेतच. ते निवडताना मी तीन कसोट्या लावतो. शंभर शब्दांच्या उताऱ्यात नवे शब्द पाच-सहांहून अधिक नसावेत. उताऱ्यात काही तरी घडावे, म्हणजे ‘मग काय झाले?’ असे मुलाने स्वतःहून विचारावे. आणि उतारा वाचून झाल्यावर दोन मुलांत मतभेद व्हावा. ज्यावर वर्गात वाद होत नाही, त्यावर वर्गात भाषाही होत नाही.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या तिन्ही कसोट्यांना उतरते. हे छोटे आत्मकथन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले. कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावले गेले. आपल्या किती शाळांत ते पोहोचले? पहिल्याच प्रकरणात १९०१ सालचा प्रवास आहे. लहान मुले नटूनथटून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरतात. वडिलांना पत्र पोहोचलेले नसते, न्यायला कोणी येत नाही. चांगल्या कपड्यांवरून स्टेशन मास्तर त्यांना ब्राह्मणाची मुले समजतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार नसतात. शेवटी मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड निघते. रात्रभर पाणी मिळत नाही. वाक्ये लहान, काळ भूतकाळ, गावांची नावे ओळखीची. आठवीच्या मुलाला हे वाचता येते. व्याकरणाला साधा भूतकाळ आयता सापडतो, संवादलेखनाला स्टेशन मास्तर सापडतो. आणि ‘यू’चा प्रश्न इथेच विचारावा : जात कळण्यापूर्वी मास्तर मुलांना मराठीत काय म्हणाला असेल, ‘तुम्ही’ की ‘तू’? आणि कळल्यावर?

दुसरा वेचा फ्रेडरिक डग्लस या अमेरिकन गुलामाच्या आत्मकथनातला (१८४५). बाल्टिमोरची मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागते. मालक तिला थांबवितो, कारण शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही. ते बोलणे ऐकूनच मुलाला स्वातंत्र्याची वाट कळते. मग तो गोऱ्या गरीब पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचन शिकतो, आणि जहाजांच्या कारखान्यात लाकडांवर खुणेसाठी लिहिलेली अक्षरे पाहून लेखन शिकतो. शूद्राने वेद ऐकला तर काय शिक्षा, हे आपल्या मुलांनी ऐकलेले असते. बाल्टिमोर आणि आपले गाव यांमधले अंतर ती स्वतःच ओलांडतात. शिक्षकाला व्याख्यान द्यावे लागत नाही. मूळ भाषा थोडी कठीण आहे. शिक्षकाने ती सोपी करून दीडशे शब्दांत बसवावी.

तिसरा वेचा मुक्ता साळवेचा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिचे वय आपल्या नववीतल्या मुलीचे. मराठी निबंध आणि माया पंडित यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून वाचता येते. भाषांतरात काय आले, काय निसटले, हे शोधायला लावावे. ज्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते, तीच इथे इंग्रजीची परीक्षक होतात. ‘मांग’, ‘बलुतं’, ‘वेस’, ‘चावडी’ या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द हुडकीत बसू नये. रोमन अक्षरांत तेच शब्द लिहावेत. आपले शब्द शिकण्याचे कष्ट थोडे इंग्रजीनेही घ्यावेत.

इंग्रजांचे काव्य टाळावे काय? मुळीच नाही. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सवर आपला राग असायचे कारण नाही; कॅरिबियन बेटांतील मुलीलाही कधी न पाहिलेल्या त्या फुलाची कविता पाठ करावी लागे, आणि जमैका किंकेड यांनी ‘लूसी’ (१९९०) या कादंबरीत तो कडवटपणा मांडला आहे. राग असावा तो एवढाच की, पाठांतरापलीकडे त्या फुलाशी मुलाचे नाते जुळावे अशी कोणी खटपट केली नाही. निवड माझ्या हाती असली तर मी विल्यम ब्लेकची धुराडी झाडणाऱ्या मुलावरची कविता घेतो. याच नावाच्या त्याच्या दोन कविता आहेत, एक १७८९ ची, दुसरी १७९४ ची. शब्द बहुतेक एकेका अवयवाचे, लहान मुलाच्या तोंडचे. आई मेलेले, बापाने विकलेले मूल काजळीत झोपते. त्याच्या सोबत्याला स्वप्नात देवदूत दिसतो, आणि सकाळी सगळे पुन्हा झाडू घेऊन निघतात. पहिल्या कवितेचा शेवट असा होतो की, आपापले कर्तव्य करणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. मी विचारतो : हे कवीला खरे वाटते काय? मग दुसरी कविता वाचतो. तीत आईबाप देवळात प्रार्थनेला गेलेले आहेत आणि मूल बर्फात उभे आहे. कर्तव्य, कर्म, प्रारब्ध यांवर वर्गात जो वाद होतो, तो कोणत्याही परिसंवादाच्या तोडीचा असतो, आणि मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत होतो.

५. दुःखाचा उतारा वर्गात वाचताना

इथे एक धोका सांगणे भाग आहे. आपल्या चळवळीतील शिक्षक उत्साहाने असे वेचे घेऊन वर्गात जातात. वर्गात सर्व जातींची मुले बसलेली असतात. स्टेशन मास्तरचा उतारा सुरू झाला की चाळीस डोळे एका बाकाकडे वळतात. शिक्षक सहानुभूतीने म्हणतो, ‘तू सांग, तुला असा अनुभव आला आहे?’ त्या क्षणी ते मूल विद्यार्थी राहत नाही, साक्षीदार होते. ज्या जातीची खूण इंग्रजीच्या तासाला तरी पुसली जावी, ती शिक्षक स्वतःच्या हाताने पुन्हा लावतो. बामा यांच्या ‘करुक्कु’मधील एक उतारा एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या ‘व्हिस्टाज’ या इंग्रजी वाचनपुस्तकात २००७ पासून आला, ही मोठी गोष्ट होती. पण उतारा आला म्हणजे तो शिकविण्याची तयारी आली असे होत नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. मुलाच्या आयुष्यावर प्रश्न विचारू नये. प्रश्न उताऱ्यावर विचारावा. पीडितावर कमी, पीडकावर अधिक विचारावा. स्टेशन मास्तरला दुसरे काय करता आले असते? गाडीवानाने दुप्पट पैसे घेतले, मग त्याचा विटाळ पैशाला का लागला नाही? या प्रश्नांची उत्तरे सर्वांनाच द्यावी लागतात, आणि सवर्णाचे मूल प्रथमच आपल्या आजोबांच्या बाजूने विचार करू लागते. ते अस्वस्थ होते; होऊ द्यावे. परंतु त्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. विचार करण्याची जागा त्यालाही हवी.

दुसरे पथ्य प्रमाणाचे. दहा वेच्यांत अन्यायाचे तीनच असावेत. आपल्या मुलांना विज्ञान, विनोद, यंत्रे, प्रवास, खेळ यांवर वाचण्याचा हक्क आहे. दुःखाचे वाचन त्यांच्या वाट्याला आणि आनंदाचे दुसऱ्यांच्या, हीही एक वर्णव्यवस्थाच झाली. मी स्वतः बाळू पालवणकरांवर एक उतारा तयार केला आहे. १८५६ साली ज्या धारवाडात महार मुलाला शाळा नाकारली, त्याच धारवाडात १८७६ साली चांभार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर कामाला होता. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. पुढे त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. मुले हा उतारा क्रिकेट म्हणून वाचतात, आकडे वाचतात, आणि शेवटच्या वाक्याशी येऊन थांबतात. ‘का मिळाले नाही?’ हा प्रश्न मी विचारीत नाही. तो मागच्या बाकावरून येतो.

६. चौकटीत जागा कोठे आहे?

यावर शिक्षक म्हणतील, ‘पुस्तक मंडळाने नेमलेले, परीक्षा बोर्डाची, आम्हाला मोकळीक कुठे?’ मोकळीक थोडी आहे, पण आहे. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा असतोच. त्याच्या सरावासाठी बहुतेक वर्गांत गाईडमधले उतारे वापरले जातात. तेथे आपला उतारा का नसावा? पत्रलेखन आहे, मैत्रिणीला सहलीचे निमंत्रण देण्याऐवजी समाजकल्याण कार्यालयाला अडकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल पत्र लिहायला काय हरकत आहे? संवादलेखन आहे, बातमीलेखन आहे. राज्यघटनेची उद्देशिका पुस्तकाच्या आरंभी छापलेलीच असते. ते एकच लांबलचक वाक्य आहे. त्याचा कर्ता आणि क्रियापद शोधण्याचा तास मी दरवर्षी घेतो. ‘आम्ही’ हा कर्ता सापडला की वाक्याचे व्याकरण सुटते, आणि आणखीही काही सुटते.

एका शिक्षकाने हे सारे करणे अवघड आहे. पण तालुक्यातील पाच-सहा शिक्षकांनी एकत्र बसून वर्षाला बारा उतारे तयार केले, त्यांतील अवघड शब्द तपासले, वर्गात वापरून पाहिले आणि जे चालले नाहीत ते टाकून दिले, तर पाच वर्षांत साठ उताऱ्यांचा संच उभा राहील. विद्यार्थी वसतिगृहांतून, बुद्धविहारांतल्या अभ्यासिकांतून तो फिरविता येईल. आपल्या चळवळीने आजवर पुतळ्यांसाठी, मिरवणुकांसाठी वर्गण्या काढल्या. झेरॉक्सच्या खर्चासाठी एक वर्गणी जड नाही.

इंग्रजीमुळे जात जाईल असे मी म्हणत नाही. इंग्रजी जाणणाऱ्यांनी जात सातासमुद्रापार नेली, हे आपण पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की, बोर्डाच्या यादीत जे मूल ‘इंग्रजीत नापास’ म्हणून गळते, त्याच्या गळतीला शिक्षकाने नशीब म्हणू नये. त्याला काय वाचायला दिले होते, हे आधी तपासावे. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी आपापला पहिला उतारा निवडा, दीडशे शब्दांत लिहून काढा, आणि त्यातला प्रत्येक शब्द शेवटच्या बाकावरच्या मुलीला समोर ठेवून तपासा. ती दिवाळीनंतर वर्गात असेल की नाही, हे आपल्याला माहीत नसते. तोवर तिच्या हाती काय द्यायचे, हे मात्र आपल्याला ठरविता येते.